घोडा सारखा करताना

पट मांडून झाला की सखाहरी आण्णा प्रत्येक सोंगटी बोटाने घराच्या मधोमध आणत आणि घोड्यांची तोंडे समोर वळवीत. ऐन डावातही एखादी सोंगटी तिरकी दिसली, तर "सारखं करतो" असे पुटपुटून ती नीट करीत. नेवाशात ते शिलाई यंत्रे दुरुस्त करीत. साठीला टेकल्यावर, प्राध्यापकी संपवून, मी बुद्धिबळ शिकलो ते त्यांच्याच दुकानात.

सलामीला ते वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवीत. मी पुस्तकातली सलामी सुचवली की म्हणत, "सर, पहिल्याच पावलाला पळायचं कशाला? वाघ मागं लागलाय व्हय?"

नगरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आम्हीच समोरासमोर आलो. जिंकले तर आण्णांना जिल्ह्याच्या संघात जागा होती. मला निकालाने काही फरक पडणार नव्हता. त्यांनी तीच सलामी केली. शेजारच्या पटावरचा खेळाडू हसला. पंचवीसएक चालींनंतर माझ्या सोंगट्यांना हलायलाही जागा उरली नव्हती.

तेवढ्यात त्यांना आपला घोडा तिरका दिसला. "सारखं करतो," म्हणत त्यांनी बोट लावले. लांब उभे असलेले पंच तरातरा आले. "हात लावलात. आता घोडाच हलवा."

घोडा हलला, की मागचा वजीर माझ्या हत्तीच्या तोंडी.

"सांगूनच लावला की," आण्णा म्हणाले. "सरांना इचारा."

आधी सांगून सोंगटी नीट करता येते, असा नियमच आहे. पंचांनी विचारले, "तुम्ही ऐकलंत?"

मी स्पष्ट ऐकले होते. पण सभागृहातल्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी पटाकडे पाहत राहिलो. पंचांनी क्षणभर वाट पाहिली आणि घोडा हलवायला लावला. ज्याला लांबून बोट दिसते पण ओठ दिसत नाहीत, आणि जो गप्प बसण्याला नकार समजतो, त्याला पंच कोणी केले? आजही माझे रक्त तापते. पण तो संताप त्यांच्यापाशी थांबत नाही. नियम मला तोंडपाठ होते, आणि एक शब्द उच्चारवला नाही. वजीर पडला, आण्णा हरले आणि विजयाचा गुण मी खिशात घातला.

आण्णांनी हात मिळवला. "चला, सव्वापाचची यष्टी हाय," एवढेच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी संकोचत दुकानात गेलो. त्यांनी पट मांडला, घोड्याजवळ बोट नेले आणि थांबले. गेल्या वर्षी ते गेले, तोवर प्रत्येक डावात असेच थांबत.

"सर, सारखं करतो. आइकलं का?"

मी मान हलवली.

"त्वांडानं."

"ऐकलं."

"मोठ्यांदा बोला. पंच लांब हुबा हाय."