ताटातलं रडार

आमचे हे बोटीवर अधिकारी. नाशिकला समुद्र नाही, त्याची कसर हे सुट्टीवर आले की भरून काढायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे बोटीवर असताना मी देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवायचे, घर बघायचे, सगळं सुरळीत चालायचं. मग हे यायचे आणि जेवणाच्या वेळा, टीव्ही, अगदी सासूबाईंची दुपारची झोपसुद्धा ह्यांच्या सोयीनं सरकायची. आम्हीही सरकवायचो, हे विशेष.

त्या सुट्टीत तर फर्मानच निघालं. "शाळा सोड. मी घरी असताना तू सकाळी सातची बस पकडतेस, बरं दिसतं का ते?" ती नोकरी मला जीव की प्राण होती. रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला.

रविवारी सासूबाई आणि मी मटार सोलत होतो, हे समोरच बसले होते. तो विषय पुन्हा निघू नये म्हणून मी विचारलं, "अहो, ते रडार बघतात तरी कसं?"

झालं! ह्यांना स्फुरण चढलं. स्टीलचं ताट म्हणजे पडदा, मटार म्हणजे आजूबाजूच्या बोटी, मधोमध हिरवी मिरची म्हणजे आपली बोट. "हे हेड-अप. आपलं तोंड कायम वर. वळलो आपण, तरी पडद्यावर फिरतं ते बाकीचं जग." ह्यांनी मिरची बोटानं दाबून ताट गरकन फिरवलं. दोन बोटी सासूबाईंच्या मांडीत गेल्या. "आणि नॉर्थ-अप म्हणजे उत्तर कायम वर. जग जागच्या जागी, वळायचं ते आपण."

"मग तुम्ही कुठलं लावता?"

"भर समुद्रात नॉर्थ-अपच. हेड-अपमध्ये दर वळणाला चित्र फरपटतं. कोण कुठं चाललंय तेच कळेनासं होतं."

"आणि घरी हो?"

ह्यांचा हात पुन्हा ताटाकडे गेला. मी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हे आता असंच राहणार. माझी शाळा, सातची बस, आईंची झोप. मिरची तेवढी वळवा."

सासूबाई मांडीतले मटार वेचत म्हणाल्या, "बराबर बोलली ती. लय फिरवतो तू आम्हाला."

ह्यांनी मिरची उचलली आणि मुकाट्यानं खाल्ली.

सोमवारी मी चपला घालत होते. सात समुद्र पार करणारे हे चहाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"अगं, साखर कुठं असते?"

"रोज असते तिथंच," म्हटलं, आणि बस गाठली.