सोबत

आमच्या घरी आलेलं पत्र वाचायलाही मास्तरांना बोलवावं लागे. अशा घरातल्या मुलानं पुस्तकासाठी काही लिहावं, याचा मला संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव बोरगावच्या बाजूला. शाळा चौथीपर्यंत, पुढं सौंसरला जावं लागे. माझी ताई चौथीत पहिली आली. तिला पुढं शिकायचंच होतं. पण आमच्याकडे मुलगी वेशीबाहेर एकटी जात नाही, तिला मुलीचीच सोबत लागते. शेजारची एक मुलगी होती, म्हणून ताईची पाचवी सुरू झाली. दिवाळीनंतर त्या मुलीचं लग्न ठरलं.

"आता तिच्यासंगं कोन जाईन?" बाबा म्हणाले.

"मी जातो," मी म्हटलं.

आई हसली. "तुलेच पोचवाले एक मानूस लागते."

ताईची शाळा तिथंच थांबली.

पुढं मी सौंसरला जाऊ लागलो, तेव्हा माझ्या सोबतीला कोण, हे कुणीच विचारलं नाही. ताई संत्र्याच्या बागेपर्यंत यायची अन् तिथून परत फिरायची. संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारायची, "आज काय शिकवलं?" मी कंटाळून थोडक्यात आटपायला लागलो की म्हणायची, "एवढंच? दिवसभर काय माशा मारून राहिले होते मास्तर?"

मग तिचं लग्न होऊन ती पांढुर्ण्याला गेली आणि मी नागपूरला कॉलेजात आलो. त्याच सुमारास राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं गाव मध्य प्रदेशात राहिलं. बस तीच होती, रस्ता तोच. पण संध्याकाळी खोलीवर आलो की वाटे, आज काय शिकवलं, हे कुणीतरी विचारावं.

परवा काका संत्री घेऊन बाजारात आले. गाडी रिकामी होईपर्यंत मी त्यांच्याजवळ उभा होतो.

"तुही ताई शाळेत जाऊन राहिली," ते म्हणाले.

"ताई?"

"नणंदेले सोबत लागते ना. सासूनं हिलेच लावून देल्ली. पहिले शाळेच्या वसरीत बसून राहे. आता बाईनं आत घेतलं."

"सासू काही म्हणत नाही?"

"म्हनते ना. म्हनते, सून पोचवाले जाते अन् पोरीच्या आधी धडा पाठ करून येते."