एका गुणासाठी सोलापूर

सोलापूरला जायचं मला काहीच कारण नव्हतं. बास्केटबॉल मला कळत नाही, लांबचा प्रवास सोसत नाही, आणि सरकारी कचेरीतल्या आरेखकाला फेब्रुवारीत तीन दिवस रजा मागणं म्हणजे साहेबांचं तोंड बघणं. तरी गेलो, कारण वहिनींनी सांगितलं.

आधी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, कोडोलीला राहायचा. गावाजवळच्या एका सूतगिरणीचा बास्केटबॉलचा संघ आहे. गिरणीने खेळाडू खेळासाठीच नोकरीवर घेतलेले, पगार खेळण्याचा. दादा अकरा वर्षं त्यांचा प्रशिक्षक होता. २००७ च्या सुरुवातीला तो गेला. हृदयविकाराचा झटका, सकाळी सातला, चहा पिताना. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परत गेले, आणि एका रविवारी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, अकरा वर्षं एकबी रविवार हे घरात न्हवते. पोरांची आजारपणं मी एकटीनं काढली. तिथं काय हुतं एवढं, ते एकदा बघून तर या."

नेमका तेव्हाच संघाचा शेवटचा साखळी सामना सोलापुरात होता, तिथल्या एका गिरणीच्या संघाशी. जिंकले तर पहिल्या चारांत, हरले तर संघ बंद. गिरणीचे नवे व्यवस्थापक तसं स्पष्ट बोलले होते. संघ बंद झाला की दहाही जणांना पाळीवर सूतखात्यात जावं लागणार होतं. कर्णधार दिनकर हे मला फोनवर सांगत होता आणि मी मनात म्हणत होतो, मला हे कशाला सांगतोयस बाबा, मी नुसता बघायला येतोय.

पहिला दिवस

गिरणीची मिनीबस सकाळी सहाला कोल्हापुरात मला घ्यायला येणार होती. आली पावणेआठला. आत दहा उंच माणसं आणि त्यांचे वीस गुडघे. मला खिडकीजवळची जागा दिली, पण मागच्या सीटवर बसू झोपला होता. बसू निपाणीकडचा, सव्वासहा फुटांचा. त्याचे पाय माझ्या खांद्याशेजारून पुढे आलेले. सांगोल्यापर्यंत मी एका बुटाशेजारी बसून प्रवास केला.

वाट सांगून ठेवतो, कुणाला जायचं असेल तर. हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर. अडीचशे किलोमीटर धरा. मिरजेपर्यंत रस्ता बरा आहे. त्यापुढे खड्डे चुकवत चुकवत ड्रायव्हर कधी रस्त्यावर असतो, कधी बाजूच्या ज्वारीत. साडेपाच तास लागतात असं सगळे सांगतात. आम्हाला नऊ लागले, आणि त्यात रस्त्याचा दोष निम्माच.

बाकीचा दोष दादाचा. जयसिंगपूरच्या अलीकडे गाडी थांबली. सगळे उतरले, चहा प्यायले. मिरजेत परत थांबली. कवठेमहांकाळच्या पुढे एका चिंचेखाली, जिथे चहाही मिळत नाही, तिथेही थांबली. मी ड्रायव्हर मारुतीला विचारलं, गाडीला काही झालंय का. तो म्हणाला, न्हाय, दादा हितं थांबायचे.

मग कळलं. अकरा वर्षं दादा ज्या ज्या ठिकाणी गाडी थांबवायचा, तिथे तिथे ती थांबणार होती. तहान असो वा नसो, लघवीला लागो वा न लागो. मी म्हटलं, अहो, चिंचेखाली तो कशाला थांबायचा? मारुतीने थोडा विचार करून सांगितलं की ते काय म्हायती न्हाय, पण थांबायचे. दहा माणसं चिंचेखाली पाच मिनिटं गप्प उभी राहिली आणि परत गाडीत बसली. माझी चिडचिड झाली, आणि चिडल्याची लाजही वाटली. दीड महिना माझं हेच चाललं होतं.

एक थांबा मात्र सांगण्यासारखा आहे. मंगळवेढ्याच्या अलीकडे एका शेतात त्या दिवसांत हुरडा मिळतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, सोबत शेंगाचटणी आणि गूळ. वीस रुपयांत पोटभर. शेतमालक बाईंनी आमचा जथा बघून विचारलं, "पावणं, तुमचं म्हातारं कुठं हाय औंदा?" सगळे हुरडा चोळू लागले. शेवटी तो गेल्याचं मीच सांगितलं. त्या बाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. दहा जणांकडून मात्र घेतले.

मुक्काम सामना भरवणाऱ्या गिरणीच्या वसतिगृहात होता. पलंग लोखंडी, पाणी सकाळी सहा ते सात, डास भरपूर. स्वतःच्या खर्चाने जाणार असाल तर स्टँडजवळ दीडशे-दोनशे रुपयांत बरी खोली मिळते, ती घ्या.

दुसरा दिवस

सामना चारला होता. सकाळी मी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन आलो. तिथे शांत वाटलं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची आमटी. आमटी चांगली तिखट होती. कोल्हापूरच्या माणसांनी ती गुमान खाल्ली आणि वर म्हणाले, काय दम न्हाय.

साडेतीनला मैदानावर गेलो. डांबरी कोर्ट, एका बाजूला पत्र्याची शेड, तीन बाजूंनी गिरणीचे कामगार. मी शेडकडे निघालो होतो, तर दिनकर मला हाताला धरून खेळाडूंच्या बाकाकडे घेऊन गेला. कोर्टाच्या कडेला टेबल होतं. तिथे गुणपत्रक लिहिणारे एक गृहस्थ बसले होते, जाड चष्मा, शाईचं पेन. त्यांनी विचारलं, कोल्हापूरचे प्रशिक्षक कोण? आणि फॉर्म बघून दादाचं नाव वाचलं.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. फॉर्म मी पाहिला. प्रशिक्षक, दादाचं पूर्ण नाव. त्याच्याखाली, सहप्रशिक्षक, माझं.

दिनकरला बाजूला घेऊन विचारलं, हे काय आहे. तो मान खाली घालून म्हणाला की गिरणीच्या कचेरीतून फॉर्म दादाच्या नावानेच छापून आला होता, दुरुस्ती करायला त्याच्याकडे दिला होता.

"मग केली का नाहीस?"

"काट कोण मारणार, काका? दहा जणांत फिरवला कागूद. कुणाचं पेन चाललं न्हाय."

"आणि माझं नाव?"

"त्याबिगर बाकावर बसाय मिळत न्हाय की. जेवणाचं कूपन पण."

मी कूपनावर जेवलो होतो, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

चष्मेवाल्यांनी नियम सांगितला. प्रशिक्षक हजर नसेल तर त्याचं काम सहप्रशिक्षकाने करायचं. सुरुवातीचे पाच खेळाडू त्याने नेमायचे, सही त्याची. आणि सामन्यात टाइमआउट, म्हणजे एक मिनिटाची विश्रांती, ती फक्त त्यानेच मागायची, या टेबलाशी स्वतः येऊन. दिनकर म्हणाला, मी कर्णधार आहे, मी मागतो. ते म्हणाले, दोघंही नसते तर चाललं असतं, पण हे गृहस्थ समोर उभे आहेत.

मागून कुणीतरी हळूच सुचवलं, "दादांचीच सही मारा की, कोण बघतंय."

मी वळून बघितलं. कोण बोललं ते कळलं नाही. मेलेल्या माणसाची सही मी करणार नव्हतो. माझ्या नावासमोर माझी सही केली. दिनकरने बोटाने दाखवलेल्या पाच नावांसमोर खुणा केल्या. चष्मेवाल्यांनी पेन उचलून विचारलं, वरच्या नावावर रेघ मारायची का? मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी राहू दिलं.

सामना काय सांगू? दहा मिनिटांचे चार भाग असतात. पहिल्या दोनात आम्ही नऊ गुणांनी मागे पडलो. सोलापूरचे लोक आम्हाला नावं ठेवत होते, त्यातली काही बरी होती. "ए कोल्हापूर, तांबड्या रश्शानं पाय जड झालं काय?" दुसऱ्या भागात बाकावरचा एक खेळाडू मला म्हणाला, काका, टाइमआउट मागा. मी टेबलाशी गेलो. चष्मेवाले म्हणाले, खेळ चालू आहे, थांबला की देतो. खेळ थांबला तो बसूला कुणीतरी ढकललं म्हणून. त्याला दोन मोकळे फेक मिळाले होते. तो फेकायला उभा राहिला आणि तेवढ्यात माझ्या नावाने भोंगा वाजला. एक मिनिट बसू हात चोळत बसला. मग गेला आणि दोन्ही फेक चुकवून आला.

"काका," दिनकर दात दाबून म्हणाला, "आता आमी सांगितल्याबिगर उठू नगा."

मी उठणार नव्हतोच. दादावर मला इतका राग आला होता की विचारू नका. जिवंतपणी याने मला कधी एका सामन्याला बोलावलं नाही, आणि आता त्याच्या बाकावर बसून मी शिव्या खात होतो.

तिसऱ्या भागात आमचे लोक अचानक खेळायला लागले. का, ते मला कळलं नाही. चौथ्यात बरोबरी झाली, मग आम्ही पुढे, मग ते पुढे. तिन्ही बाजूंचे कामगार उभे. बावीस सेकंद राहिले असताना सोलापूरने बास्केट टाकली. साठ-एकोणसाठ. ते एकाने पुढे.

शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट पडली की घड्याळ थांबतं, एवढं मला तोवर समजलं होतं. दिनकर चेंडू घ्यायला धावला. पण माझं लक्ष बसूकडे होतं. तो आमच्या बास्केटखाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि त्याला श्वास पुरत नव्हता. तोंड उघडं, मान खाली. मला ते बघवलं नाही. मी टेबलाकडे पळालो आणि हातांनी खूण केली.

भोंगा वाजला. दिनकर माझ्याकडे असा बघत आला की वाटलं आता हा मारणार. दहा जण माझ्याभोवती जमले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मिनिट चाललं होतं.

मी विचारलं, "दादा अशा वेळी काय सांगायचा?"

दिनकर म्हणाला, "काय न्हाय. पाणी प्या म्हणायचे. आन् घड्याळाकडं बघत बसायचे."

"एवढंच?"

"एवढंच. आमचं आमी ठरवायचं."

अकरा वर्षांचे सगळे रविवार. मी म्हटलं, "मग प्या पाणी. आणि बसू, तू खाली बस आधी."

तो बसला. पाणी प्यायले. मग त्यांचं त्यांनी ठरवलं. मला त्यातलं काहीही कळलं नाही.

सगळे उठले तेव्हा पंचाने चेंडू उचलला आणि आमच्या टोकाला न जाता मैदानाच्या मधल्या रेषेशी जाऊन उभा राहिला. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला की चेंडू तिथून मिळतो, असा नियम आहे. मला माहीत असायचं कारण नव्हतं. घाईत दिनकरही विसरला होता. तो मागे वळून मला म्हणाला, "अर्धं ग्राउंड वाचलं की ओ!"

चेंडू आत आला. दिनकरने वेळ काढला, दोघं अंगावर आले तेव्हा फेकला. कडीवर आपटून बाहेर आला. बसूने तो वरच्या वर पकडला आणि तसाच आत ठेवला. तीन सेकंद उरले होते. सोलापूरने लांबून एक फेकला, तो कुठेच गेला नाही. एकसष्ट-साठ.

ज्या कामगारांनी नावं ठेवली होती त्यांच्यातलाच एकजण येऊन बसूच्या पाठीवर थाप मारून गेला. चष्मेवाल्यांनी गुणपत्रकाची प्रत माझ्या हातात दिली, मला बघून मान हलवली आणि म्हणाले, पहिल्यांदाच आलात ना? मी हो म्हटलं.

तिसरा दिवस

येतानाही चिंचेखाली गाडी थांबली. या वेळी मी काही विचारलं नाही, पण उतरलोही नाही. फॉर्मचं तेवढं दिनकरशी बोललो. पुढच्या वेळी प्रशिक्षक म्हणून तुझं नाव घाल, काट मी मारून देतो. तो व्हय म्हणाला. संघ निदान एक वर्ष तरी राहिला. पुढचं मला माहीत नाही.

कुणी जाणार असाल तर हुरड्याच्या दिवसांत जा, हवाही बरी असते. स्वतःची गाडी न्या, म्हणजे कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवाल. शेंगाचटणी बाजारातून घ्या, महामार्गावरची शिळी असते.

संध्याकाळी कोडोलीला वहिनींकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. काय झालं विचारलं, मी एका गुणाने जिंकलो म्हणून सांगितलं. मग कधी नव्हे ते सविस्तर सांगत बसलो, हातवारे करून, मधली रेषा जमिनीवर बोटाने काढून. त्या ऐकत होत्या. मी पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"काय म्हणायचे?"

"पाणी प्या म्हणायचा. बाकी काही नाही."

"घरात तांब्या समोर असला तरी कधी हातानं घेऊन प्याले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "मी शेतात असले तर हाका मारत यायचे बांधापतूर. आन् तिथं धा जणास्नी पाणी."

दीड महिन्यात त्यांच्या तोंडून दादाची ही पहिली तक्रार. सगळ्या गावाकडून तो किती चांगला होता तेच ऐकत होत्या बिचाऱ्या, आणि मीही. मी म्हटलं, वहिनी, माझी सायकल त्याने विकली होती, आणि मीच ती हरवली असं बाबांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुमची एकच, माझं तर ऐका. मेथी तशीच राहिली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्याच्या तक्रारी केल्या, आणि तरी सगळ्या झाल्या नाहीत.