शनिवारची दहा मिनिटं

आमच्या गावचा मेकॅनिक ओइवा तुरुनेन बोनेट उघडण्याआधी गाडीत नुसता बसून राहतो. एसी लावतो, डोळे मिटतो आणि वारा येतो तिथे तळहात धरतो. मी निवृत्त पोस्टवाली, धीर माझ्या अंगात नाहीच. पण तेव्हा मीसुद्धा वाट बघते. मग तो झोपेत बोलल्यासारखा म्हणतो, "वारा अडतोय. आतल्या फिल्टरमध्ये उंदरानं संसार थाटलाय." नाहीतर, "पुढच्या जाळीवर बर्चच्या झाडांचं भुसकट साचलंय. बिचारीचा श्वास कोंडलाय."

एसीत नुसता गॅस भरून द्या म्हणणाऱ्याला तो सरळ वाटेला लावतो. "तो काय पेट्रोल आहे संपायला? कुठूनतरी निसटला असणार. आधी ती जागा शोधू."

त्याच्या मते आमच्या थंड उत्तरेतल्या गाड्यांचे एसी हिवाळ्यातच मरतात. सहा महिने त्यांना कुणी हात लावत नाही. आतलं तेल फिरत नाही, कॉम्प्रेसरचं सील सुकतं, आणि जूनमध्ये बटण दाबावं तर गॅस केव्हाच उडालेला. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर एसी चालूही होत नाही. म्हणून हिवाळ्यात दर शनिवारी, घरोघरी सौनाची वाफेची न्हाणी तापत असताना, ओइवा आपलं उबदार गॅरेज गावाला मोकळं करतो. एकेक गाडी आत घ्यायची, धूर बाहेर सोडायला नळी लावायची आणि दहा मिनिटं एसी.

बाहेर उणे वीस आणि आम्ही कोट घालून गार वारा खात बसलेले! "आपल्याला खूळ लागलंय," असं मी दर शनिवारी म्हणायचे आणि दर शनिवारी जायचे. खिडकीपलीकडे निळसर बर्फ, इंजिनाची गुणगुण. ओइवाची बायको आउने काठी टेकत यायची, काचेवर टकटक करून वेलदोड्याचा पाव आत द्यायची. त्या दहा मिनिटांत मी मनानं कुठल्या कुठे जाऊन यायचे.

आउनेला नसांचा आजार आहे. उकाडा वाढला की तिच्या पायांतला जीवच जातो. यंदा मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तिला माहेरच्या तळ्यावर जायचं होतं, दोन तासांची वाट. पुढच्या वर्षी एवढं बसवेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. आणि नेमका पारा बत्तिसावर चढला.

सणाच्या आदल्या दिवशी मी त्यांचं दार सजवायला बर्चच्या फांद्या घेऊन गेले, तर ओइवा स्वतःच्या गाडीखाली दिवा धरून पडलेला. कॉम्प्रेसरपाशी गळती दाखवणारा हिरवा डाग चमकत होता. सील गेलं होतं. नवीन मिळायचं ते सण उलटल्यावरच.

"सगळ्या गावाला शिकवतोस," मी खेकसले, "तुझी गाडी कुठे होती शनिवारी?"

"बाहेर," तो म्हणाला. "आत तुमच्या होत्या."

आउने पायरीवर ओला टॉवेल मानेवर घेऊन बसली होती. "जाऊ दे रे," ती त्याला म्हणाली. "तळं कुठे पळून जातंय?" हे ती हसत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

ओइवा साधा पानासुद्धा कुणाकडे मागणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गाडी पंधरा मिनिटं गार करून त्यांच्या पायरीला नेऊन लावली.

"लेम्पी, आज तुझाही सण आहे," ओइवा मला म्हणाला.

"सण गेला खड्ड्यात. मागे बस मुकाट्यानं. गाडी मी चालवणार."

आउनेला आम्ही दोघांनी पुढे बसवलं. रस्ताभर पाणी आणि झाडं, झाडं आणि पाणी, सगळं उन्हात विरघळल्यासारखं. माझी जुनी गाडी एकसारखा गार वारा सोडत होती आणि मला पहिल्यांदाच त्या सगळ्या शनिवारांचा अभिमान वाटला.

तळं झाडांआडून दिसायला लागलं तेव्हा आउनेनं हात चोळले.

"ओइवा," ती म्हणाली, "मला थंडी वाजतेय."

मी आरशात पाहिलं. ओइवा स्वतःचं जाकीट काढत होता. बाहेर बत्तीस अंश, आणि त्यानं ते मागून तिच्या खांद्यांवर पांघरलं.