नखांवरची मेंदी

नखांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणा, मान्य करीन. साडी नीट नेसता येत नाही म्हणा, हसून सोडून देईन. पण माझ्या नखांना नाव ठेवायचं काम नाही. आणि ही नखं मी आजवर एकदाही पार्लरात जाऊन करून घेतलेली नाहीत. मलकापूरला बाजाराला गेलं की ती काचेच्या दारांची दुकानं दिसतात, आत पोरी एकमेकींचे हात धरून बसलेल्या असतात. बसू द्या बापड्यांना. मला रविवारी दुपारी पातेलंभर कोमट पाणी, नेलकटर, कानस, लिंबाचं सालपट आणि चमचाभर खोबरेल मिळालं की माझं भागतं.

हे मी माहेरी शिकले. वरवट बकालला आमचा भाजीपाला होता. शाळेत जायच्या आधी मेथी खुडायची, आल्यावर वांगी तोडायची. वांग्याचे काटे नखाखाली शिरायचे आणि मेथीनं बोटांची टोकं हिरवी-काळी पडायची, ती साबणानं जायची नाहीत. वर्गात मी बाकावर हात ठेवला की शेजारची मुलगी आपला हात आखडून घ्यायची. मला रडू यायचं नाही, राग यायचा. एकदा घरी येऊन मी दप्तर आपटलं, तेव्हा आईनं वरणात पिळून झालेल्या लिंबाचं सालपट माझ्या हातावर ठेवलं आणि घास म्हणाली. पाच मिनिटांत नखं स्वच्छ झाली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच मुलीच्या नाकासमोर हात पसरून बसले.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. आधी भिजवायचं, मग कापायचं. कोपरे खोल कापायचे नाहीत, कानस एकाच दिशेनं फिरवायची, कडेची कातडी ओढायची नाही, शेवटी तेल. शनिवारी आणि दिवेलागणीला नखं कापायची नाहीत हा आईचा नियमही मी पाळते. काऊन, ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात टोमणा मारला, की हातांचे असे लाड करणारीच्या हातची भाकर कशी असेल देव जाणे. मी ज्वारीच्या आठ भाकरी थापल्या, आठही फुगल्या, त्यांनी दोन खाल्ल्या आणि तो विषय मिटला. माझी ननंद तेव्हा नववीत होती. तिला मात्र माझ्या रविवारच्या पातेल्याचं फार कौतुक. ती ओसरीवर माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि आपले दोन्ही हात पुढे करायची. घरात सगळ्यात आधी माझी झाली ती तीच. कापूस वेचून बोंडांनी ओरबाडलेले तिचे हात मी दर रविवारी सारखे करत आले.

ती शिकून घरी बसली आणि गेल्या दिवाळीनंतर तिचा साखरपुडा ठरला. मेंदी काढायला कुणाला बोलवायचं, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी असताना बाहेरची कशाला. साखरपुड्याला लोक तळहातावर चार फुलं काढून मोकळे होतात. मी नाही झाले. मेंदी रंगली की सासू जीव लावते, असं आमच्याकडे म्हणतात, मग कसर कशाला ठेवायची? मी कोपरापर्यंत वेल काढली आणि दहाही बोटांची टोकं नखांसकट गच्च भरली. वरून लिंबू-साखरेचं पाणी लावलं, तव्यावर लवंगा टाकून धुरी दिली. रंग असा चढला की बघायला शेजारच्या बायका आल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की ही माझी कामगिरी.

अठराव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला, की मुलगा नाही म्हणतो. त्याच्या मनात दुसरीच कुणी होती आणि ते सांगायला त्याला साखरपुडा होऊन जायची वाट पाहावी लागली. माझ्या सासऱ्यांनी फोन ठेवला आणि ते तसेच शेतात निघून गेले. ननंद आमच्यासमोर रडली नाही. तिनं घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या आणि दिवसभर धूत बसली.

तळहातावरची मेंदी तोवर गेलीच होती. नखांवरची जात नाही. नख मागून वाढत येतं तसा तो रंग पुढे सरकतो आणि कापला जाईल तेवढाच जातो. सगळं जायला पाच महिने लागतात. हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं आणि तरी मी नखं भरली होती. आता तिच्या नखांना बुडाशी पांढरी कोर दिसायला लागली. आमच्याकडच्या बायकांना ते बरोबर वाचता येतं. कोर किती आली ते पाहून मेंदीला किती आठवडे झाले ते सांगतात आणि पुढचं काय ते समजून घेतात. दळण आणायला गेलं तरी ती हात ओढणीत घेऊन जायची. मला फार वाईट वाटायचं. तिचा काही गुन्हा नसताना मीच तिच्या हातावर खूण करून ठेवली होती.

साखरपुड्याला अडीच महिने होत आले आणि मलकापूरचं स्थळ आलं. पाइप-मोटारींचं दुकान, एकुलता मुलगा, माणसं साधी. मधल्या माणसानं त्यांना मोडलेल्या साखरपुड्याचं सांगितलेलं नव्हतं. सासरे म्हणाले, आपण सांगून टाकू. सासूबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"इचारलं तं सांगू. नाही इचारलं तं आपल्याच तोंडानं काऊन सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की रंग तू चढवला, आता तूच काढ. पाव्हणे यायला दहा दिवस आहेत.

मी छाती ठोकून हो म्हटलं. नखावरचा कुठला डाग मी घालवला नव्हता? आधी लिंबाचं सालपट घासलं. मग खायचा सोडा, मग दात घासायची पेस्ट. मेंदी ढिम्म. मग मी कानस घेतली आणि नखाच्या वरून फिरवायला लागले, जे मी उभ्या आयुष्यात कुणाला करू दिलं नसतं. रंग थोडा फिका झाला, नखं कागदासारखी पातळ झाली. ननंद रोज हात पुढे करून बसायची. तिसऱ्या दिवशी ती वाळल्या मिरच्यांची देठं खुडत बसली होती आणि एकदम उठून नळाकडे पळाली. घासून पातळ झालेल्या नखांत तिखट शिरलं होतं. ती दहा बोटं पाण्याखाली धरून उभी होती आणि ओठ आवळलेले होते. मला माझीच लाज वाटली. कानस मी पेटीत टाकून दिली.

शेवटी नेलपेंट लावायचं ठरलं. गडद मरून रंगाचं आणलं. दोन हात दिले, खालचं काही दिसेना. सासूबाईंनी तिचा हात खिडकीशी नेऊन पाहिला आणि बऱ्याच दिवसांनी मला शाबास म्हणाल्या.

पाव्हणे अकराला येणार होते. दहाच्या सुमारास मी पोह्यांना फोडणी देत होते, तर ननंद नवी साडी नेसून स्वयंपाकघरात आली. एका हातात कापूस, दुसऱ्या हातात रिमूव्हरची बाटली.

"वहिनी, काढा हे."

मी म्हटलं, डोकं फिरलं का तुझं, पाव्हणे जाऊ दे, मग काढू. ती हलली नाही.

"आज झाकलं तं मंग जलमभर झाकत राहा लागन. मले नाही जमत."

बाटली तिच्या हातात होती. तिला स्वतःला काढता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण ते मी करावं, असं तिला वाटत होतं. घरातलं एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे, एवढंच तिला बघायचं होतं. मी गॅस बंद केला, दार लोटलं आणि तिला पाटावर बसवलं. एकेक नख पुसत गेले. खालून ते अर्धं पांढरं, अर्धं लाल बाहेर आलं, माझ्या कानशीचे ओरखडे पडलेलं. दहाही नखांना मी तेलाचं बोट लावलं. तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला.

आमच्याकडे मुलगी पाहायला आले की हात लपवायची सोयच नाही. पोह्यांच्या बशा तिनंच द्यायच्या असतात. मग पाव्हण्यांकडची मोठी बाई तिला कुंकू लावते आणि तिच्या दोन्ही हातांवर नारळ ठेवते. मुलाच्या आईनं कुंकू लावलं, नारळ उचलला आणि हात पाहून थांबल्या. नारळ तसाच त्यांच्या हातात. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"हे मेंदी कायची, बाई?"

"साखरपुड्याची. मोडला तो. अडीच महिने झाले."

"कोनं मोडला?"

"त्यायनं. पोराच्या मनात दुसरी होती. आमाले मालूम नव्हतं."

तिचा आवाज कापला नाही. मुलाच्या आईनं नारळ तिच्या हातांवर ठेवला, बरं म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. चहा झाला, कळवतो म्हणून मंडळी गेली. मुलगा जाताना एकदा मागे वळला होता, पण त्यावरून काय समजायचं?

गाडी वळली तशा सासूबाई माझ्यावर बरसल्या. हात दाखवून अवलक्षण केलं तुमी दोघीनं, म्हणाल्या, आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा घ्या म्हटलं तरी भिंतीला सांगायच्या, ठेव म्हणून. मी वरून ठाम होते. जे केलं ते बरोबरच केलं, असं नवऱ्यालाही ठणकावून सांगितलं. पण आतून घाबरले होते. हे स्थळ गेलं असतं तर पोरीचं दोन्ही वेळा माझ्याच हातानं बिघडलं असतं, एकदा रंग चढवून आणि एकदा उतरवून.

पाचव्या दिवशी मलकापूरहून फोन आला. मुलगी पसंत आहे, लवकर बोलणी करू. सासूबाई देवापुढे साखर ठेवायला धावल्या. आणि आमची ननंद दारात उभी राहून म्हणाली, की हा रंग नखावरून पुरता गेल्यावर मी हो म्हणीन, त्याआधी नाही. दुसऱ्याच्या नावाची मेंदी घेऊन मी त्या घरात जाणार नाही.

घरात रणकंदन झालं. हातचं स्थळ जाईल, लोक काय तुझ्या नखांसाठी थांबतील का, सासूबाई कपाळ बडवून घ्यायच्या राहिल्या. मलाही वाटलं की हे अती होतंय, आणि मी तिला तसं म्हणालेसुद्धा. तिनं माझं ऐकलं नाही. शेवटी सासऱ्यांनीच फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं. पलीकडून मुलाची आई बोलल्या. थांबू म्हणाल्या. पोरगी एवढं तोंडावर बोलते, पुढं घरात काही लपून राहायचं नाही, हेही म्हणाल्या.

मग दर रविवारी मी तिची नखं कापत होते. एका वेळी जेमतेम तांदळाच्या कणीएवढं लाल जायचं. एकदा मी घाईनं खोल कापायला गेले, तर तिनं हात मागे घेतला आणि जाईल तवा जाईल म्हणाली. मधली बोटं आधी मोकळी झाली, करंगळी आणि अंगठा मागे राहिले. चैत्र लागल्यावर एका रविवारी डाव्या अंगठ्याची शेवटची कड कापली गेली. तिनं ती उचलून अंगणात फेकली, हात धुतले आणि वडिलांना म्हणाली, आता लावा फोन.

लग्न वैशाखात निघालं. मेंदी काढायला या वेळी मी गल्लीतल्या एका पोरीला बोलावलं, आणि तिच्या कानात सांगून ठेवलं की तळहात भर, मनगट भर, नखांना हात लावू नको. ती पोरगी शहाणी, सांगितलं तसं करत होती. वेल बोटांवरून वर गेली आणि नखांपाशी येऊन थांबली. ननंदेनं मान वर केली.

"नखं काऊन सोडले?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बाई, मीच सांगितलं. पाच महिने जात नाही ती, तुला माहीत आहे.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. तिनं त्या पोरीच्या हातातला कोन घेतला आणि माझ्यापुढे धरला. "तुमीच भरा. दहाच्या दहा."

मी कोन घेतला, तिचा हात मांडीवर ओढला आणि करंगळीपासून सुरुवात केली.