दिनकरचं पाणी

दिनकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत उभा होतो. त्याच्या शाळेचा शिपाई सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "चला लवकर, मास्तर गेले." मी धावलो, हे खरं. पण आधी हंडा शेजाऱ्याच्या हवाली केला, हेही खरं... तापाने गेला, असं आम्ही गावाला सांगितलं. आज दोन महिन्यांनी लिहितो : माझ्या धाकट्या भावाने आपल्या हाताने आयुष्य संपवलं.

तो तिसगावच्या शाळेत मास्तर. वर्षभर त्याचं मन कशातच नव्हतं. झोप उडालेली, जेवणाची चव गेलेली, वर्गात फळ्याकडे बघत तास काढायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला नगरला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा आळस नाही, आजार आहे. गुण यायला तीन आठवडे लागतील. तोंड कोरडं पडेल, पाणी पिऊ द्या. मला विचारल्याशिवाय बंद करू नका." मी मान डोलावली. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मग त्याची तहान सुरू झाली. दुष्काळाचं साल, घरात माणशी पाणी मोजलेलं, आणि याच्या उशाचा तांब्या सारखा रिकामा. गोळ्या सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी टँकरपाशी म्हातारा सखाराम म्हणाला, "मास्तरला पगार सरकारचा अन् पानी आमचं. बसून बसून लई तहान लागती व्हय?" रांग हसली. मीही हसलो. घरी येऊन गोळ्यांची पुडी चुलीत टाकली. म्हणालो, "बाया उन्हात खडी फोडत्यात, त्यांना न्हाई असलं काही होत. तुला सावलीत काय झालंय?"

"तेच मलाबी कळत न्हाई, दादा." तांब्या बाजूला सरकवत तो म्हणाला, "बरं झालं. पानी तरी वाचंल."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शाळा उघडली त्याच आठवड्यात, तो गेला.

तेराव्यानंतर त्याची बायको सुशीला माझ्याशी प्रथमच समोर उभी राहून बोलली. "तुमी गोळ्या जाळल्या त्या सकाळी त्यांनी आमटीत मीठ कमी हाय म्हनून सांगितलं हुतं. वरीसभर पानात काय हाय ते बघत नव्हते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं?"

आता टँकर बंद झाला, आडाला पाणी आहे. त्याच्या खाटेपाशी तांब्या अजून तिथेच असतो. रोज संध्याकाळी मीच भरतो. सकाळी तो काठोकाठ तसाच. मी पाणी ओतून देतो... आता घरात कुणी मोजत नाही.