आई चर्चमध्ये बोलली तेव्हा

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात, तिथल्या हॉस्पिटलात मी नर्स. आमच्या वॉर्डात माझ्यासोबत काम करणाऱ्या आंटी, हो, सगळे त्यांना आंटीच म्हणतात, इथल्या मूळनिवासी. त्यांचं चर्च म्हणजे पत्र्याचा हॉल आणि सहा पंखे. रविवारी गायचं आणि सोमवारी गप्प बसायचं ही कसली भक्ती, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बहिणीच्या वस्तीत नळाला पिण्याजोगं पाणी येत नव्हतं, म्हणून त्या रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी सरकारी इंजिनियरला बोलावलं होतं.

नागपूरहून आलेल्या माझ्या आईने आपल्या लहानपणच्या विहिरीची गोष्ट त्यांना आमच्या किचनमध्ये सांगितली होती. ती चर्चमध्ये सांगायचीच, असा आंटींनी हट्टच धरला. आपण बौद्ध, चर्चमध्ये कशाला, म्हणून मी कुरकुरले. आई म्हणाली, प्रार्थना त्यांची त्यांना लखलाभ, पाण्याचं मात्र आपलं आहे. विहारात जावं तशी पांढरी साडी नेसून, दारात चपला काढून ती आत गेली. तिचं बघून मागच्या बायांनीही काढल्या.

इंजिनियर आला आणि मी बघतच राहिले. पुण्याचा, आमच्या मराठी मंडळातला, माझा चांगला मित्र! मंडळात मी आमची जात कुणाला कळू दिली नव्हती. नवऱ्याचं आडनाव मोघम, त्यावर चार वर्षं भागवलं होतं.

आई उभी राहिली. मी शेजारी, इंग्रजीत सांगायला.

"विहिरीला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "आम्ही अस्पृश्य. ओंजळ धरून उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तरच प्यायचं."

त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठीतूनच कळलं होतं. बाकीच्यांसाठी इंग्रजीत मी 'अस्पृश्य' हा शब्द गाळू शकले असते. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एकही शब्द गाळला नाही. उलट शेवटी स्वतःचं जोडलं, की मी यांचीच मुलगी, मीही त्या अस्पृश्यांतलीच.

अख्खा हॉल उठला. आंटींनी गाणं उचललं, आणि काय सांगू, अंगावर सर्रकन काटा आला! आई बेताल टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, हात लाल होईस्तोवर. इतकं हलकं मला या देशात कधी वाटलं नव्हतं.

गाणं संपल्यावर तो जवळ आला. "चार वर्षं तुझ्याकडे फराळ खातोय. कधी बोलली नाहीस."

"आता बोलले ना," मी म्हटलं. "पाण्याचं काय ते सांग."